दोघींची मिशेरी

मी मिशेरी लावायचे. आधीच सांगून टाकते, कारण लपवालपवी पंचवीस वर्षं करून झाली. करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत मी जरा वजनदार बाई. टाकीच्या पाण्यावरून भांडायला मी, हळदीकुंकवाची यादी करायला मी, आणि कळंबोलीच्या ज्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिते तिथे गुटखा थुंकून भिंत रंगवणाऱ्या ड्रायव्हरांना झापायलाही मीच. "लाज वाटते का? घरी बायकापोरं आहेत ना?" असं त्यांना सुनवायचे. आणि त्याच सकाळी सहा वाजता बाथरूमचं दार लावून, बेसिनपाशी उभी राहून, पंधरा मिनिटं बोटाने दात काळे करून आलेली असायचे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

ज्यांना मिशेरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी त्यातली चिमूटभर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायची आणि निवांत बसायचं. मोऱ्याला, माझ्या माहेरच्या कोळीवाड्यात, बायका पहाटे ओट्यावर जमतात, एक बोट तोंडात आणि उरलेल्या तोंडाने गावच्या बातम्या. होड्या धक्क्याला लागायच्या आत एवढं एक सुख उरकून घ्यायचं. भाजताना मात्र सगळ्या आळीला ठसका लागतो. सोसायटीत भाजली असती तर सेक्रेटरीने फायर ब्रिगेड बोलावली असती. म्हणून माझा माल माहेरून यायचा. आई सुक्या जवळ्याच्या पिशवीत मधोमध डबी दडवून पाठवायची. जवळ्याच्या वासापुढे मिशेरीचा वास कुणाच्या बापाला कळणार नाही, असा तिचा हिशोब.

सवय लावली तीही तिनेच. मी बाळंतपणाला माहेरी होते आणि दाढ अशी ठणकत होती की पोर रडायचं थांबलं तरी मी थांबत नव्हते. आईने डबी पुढे केली. "लाव जराशी. सुन्न होतंय." झालं खरं सुन्न. बाळ मोठं झालं, दाढ काढून झाली, मिशेरी राहिली.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या गालाच्या आत, डाव्या बाजूला, जिभेला काहीतरी खरखरीत लागू लागलं. दुखत नव्हतं. पण जीभ मेली ऐकते का, दिवसातून शंभरदा तिथेच. मोबाईलची बॅटरी लावून आरशात गाल ताणून पाहिला. चिंचोक्याएवढा पांढरा चट्टा. दुधावरच्या सायीसारखा, पण पुसला तर निघेना. मी मोबाईल बंद केला आणि पोळ्या करायला गेले. घाबरले होते, चांगलीच. पण घाबरलेली बाई पोळ्या फार गोल करते, हे त्या दिवशी कळलं.

दोन महिने मी कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरकडे जाणं म्हणजे आधी मिशेरी कबूल करणं, आणि कबूल केलं तर माझी इज्जत काय राहिली? शिवाय डॉक्टरने नको ते नाव घेतलं तर? मग मी स्वतःला एक युक्तिवाद शिकवला. आईने आता सत्तरी गाठली. ती पन्नास-पंचावन्न वर्षं मिशेरी लावते, माझ्या दुप्पट. म्हणजे तिच्या तोंडात असे चार चट्टे तरी असणार. आणि ती तर ठणठणीत आहे, अजून टोपली डोक्यावर घेऊन चढण चढते. म्हणजे हे चट्टे काही करत नसतात. फक्त आईचं तोंड एकदा कुणा जाणत्याने बघायला हवं, की माझा जीव भांड्यात पडेल. असला उरफाटा विचार माझ्यासारखी शहाणी बाईच करू शकते.

संधी चालून आली. कोळीवाड्याच्या समाजमंदिरात रविवारी तोंडाच्या कॅन्सरची मोफत तपासणी ठेवली होती. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "माजा तोंड बगून कोनाचा काय भला होनार हाय? एक दाढ हाय ती पन हलतेय." मी म्हटलं, मी येते, नावं लिहायला मदत करते, तू फक्त बस. नावं लिहायला मी कशाला, हे तिने विचारलं नाही. तिला बहुतेक वाटलं, लेक चार घास भाताचे खायला येतेय.

रविवारी पनवेलहून उरणची बस धरली, उरणहून रिक्षा. समाजमंदिरात पोचले तर बायकांची रांग दारापासून पार नळापर्यंत. सगळ्या नटूनथटून. अंबाड्यात अबोली, कानात ठेवणीतलं सोनं. जणू कुणाचा साखरपुडा. डॉक्टरीण तरुण होती, हसरी, हातात टॉर्च आणि लाकडी पट्टी. पहिल्या बाईने खुर्चीत बसून भला मोठा आ केला. डॉक्टरणीने टॉर्च मारला, वाकली, परत वाकली, आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. तोंडात सगळा अंधार. दात काळे, हिरड्या काळ्या, जिभेला काळा लेप. "काकी, आज काही लावलंत का?"

"मिशेरी लावली ना. दोनदा लावली. डॉक्टरीन तोंड बगनार, मग साफ नको?"

दुसरी बसली. तीच गत. तिसरी म्हणाली तिने नवी डबी फोडली. रांगेतल्या एकूण एक बाईने त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घासली होती. पाहुण्याकडे जाताना पाय धुऊन जातात ना, तसं मिशेरीच्या तपासणीला मिशेरीने तोंड घासून आल्या होत्या. डॉक्टरणीने पट्टी खाली ठेवली आणि तोंडावर हात धरून खुर्चीतच वाकली. आधी वाटलं तिला उलटी होतेय. ती हसत होती. मग बायकाही हसायला लागल्या, काळे दात दाखवत, कशाला हसतोय ते न कळता.

अर्धा तास नळावर नुसत्या चुळा. बादली, तांब्या, मीठ, कुणीतरी घरून चार ब्रश आणले तर ते कोण कुणाचे वापरणार म्हणून भांडण. मी वही सोडून तिथे शिस्त लावायला गेले. "काय गं तुम्ही, एवढी साधी अक्कल नाही?" असं मी मोठ्या आवाजात बोलत होते. मी त्या सकाळी लावली नव्हती. मी चिंगम चघळत होते. केवढी हुशार मी.

मग आईचा नंबर आला. मी वही घेऊन अगदी खुर्चीला चिकटून उभी राहिले. डॉक्टरणीने आईचे दोन्ही गाल बघितले, जिभेखाली बघितलं, ओठ उलटे करून बघितले. मनात एकच चाललं होतं, असू दे, असू दे, तिच्या तोंडात असू दे. स्वतःच्या आईच्या तोंडात चट्टा निघावा म्हणून मी मनात हात जोडून उभी होते. ही गोष्ट लिहितानाही मला लाज वाटते.

"आजी, तुमचं तोंड छान आहे," डॉक्टरीण म्हणाली. "कुठे काही नाही. नशीब समजा. आता तरी सोडा." आईने पदराने तोंड पुसलं. मी वहीत खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. आई उठली नाही. ती खुर्चीतूनच वर माझ्याकडे बघत होती, माझ्या गालाकडे, जिथे माझी जीभ आतून दाबून बसली होती.

"पुढचा नंबर हिचा," ती डॉक्टरणीला म्हणाली. "ती पन लावते. दोन महिने झाले, फोनवर बोलताना हिची जीब अडकते. मना कलत नाय काय?"

सगळी रांग माझ्याकडे वळली. शंभर तरी डोळे. मी म्हटलं, "आये, काहीही काय बोलतेस?" मग आईने ते केलं जे ती मी शाळेत असताना करायची. दंडाला धरून मला खुर्चीत बसवलं. माझ्या वयाच्या बाईला, सोसायटीच्या कमिटी मेंबरला. मी चिंगम कागदात थुंकलं आणि आ केला.

डॉक्टरीण त्या जागी बराच वेळ थांबली. मग टॉर्च बंद करून माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि सरळ बोलली. हा पांढरा चट्टा तंबाखूमुळे येतो. बरेचसे असेच राहतात, काही जातात, पण काही पुढे कॅन्सरकडे वळतात, आणि नुसतं बघून ते सांगता येत नाही. मिशेरी आजपासून बंद. तीन आठवड्यांनी दवाखान्यात या. तोवर गेला नाही तर छोटा तुकडा काढून तपासू. "दुखत नाही तेव्हाच आलात, हे बरं केलंत," ती म्हणाली. मी आले नव्हते, मला बसवलं होतं, पण ते तिला कशाला सांगा.

घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, मिशेरीपासून. वाटलं, आता ह्याला धक्का बसणार. तो म्हणाला, "मिशेरीचं माहितीय. बेसिन रविवारी मीच धुतो ना." मग थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन बसला, आणि टीव्ही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन. आई. "लावलीस?" नाही म्हटलं. "मी पन नाय. तुजी सुटेपर्यंत माजी बंद." मी म्हटलं, तुला कशाला, तुझं तोंड छान आहे. ती म्हणाली, "गप. बोलत रा. अर्धा तास गेला की जातंय ते." तेव्हापासून रोज सहाला आमचा फोन. मिशेरीची जी वेळ, तीच फोनची. पहिल्या आठवड्यात आम्ही बोललो कमी आणि भांडलो जास्त. माझं डोकं फुटायला आलेलं, ऑफिसात एका ड्रायव्हरने नुसतं गुड मॉर्निंग म्हटलं तर त्याच्यावर धावून गेले. आईने तिकडे शेजारणीची मांजर हाकलली, मग शेजारणीला.

आणि एक अडचण अशी, की ज्यांना मिशेरीची सवय आहे त्यांनाच समजेल. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. म्हणजे तसं वाटतं. त्यामुळे रोज सकाळी माझी आई, लाज ना शरम, फोनवर पहिला प्रश्न विचारायची, "झाली का?" मी कुजबुजत नाही म्हणायचे. "मना पन नाय," ती तिकडून मोठ्याने म्हणायची, ओट्यावर बसलेल्या सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. गरम पाणी, पपई, इसबगोल, सगळे उपाय झाले. बाराव्या दिवशी मी फोन उचलला आणि ती नमस्कार ना चमत्कार थेट म्हणाली, "झाली." एखादीचा मुलगा पास झाल्यावर येतो ना, तसा आवाज. मी इतकी हसले की नवरा ब्रश तोंडात धरून धावत आला.

मी तिच्यावर विश्वास ठेवला असं मात्र समजू नका. पंचावन्न वर्षांची सवय, आणि ओट्यावर सगळ्या आजूबाजूला घासत बसलेल्या. फोनवर काय, कुणीही बोलेल. तिची जीभ जड वाटतेय का ते मी कान देऊन ऐकायचे. तिने मला जसं पकडलं तसं मी तिला पकडणार होते.

तीन आठवड्यांनी दवाखान्यात गेले. चट्टा लहान झाला होता, पण गेला नव्हता. डॉक्टरणीने गाल सुन्न केला, तुकडा काढला, दोन टाके घातले. दुखलं म्हणण्यासारखं काही नाही. आई बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर आले तर तिने माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली. रिक्षात एवढी बडबडी बाई एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

रिपोर्टला आठ-दहा दिवस लागणार होते. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बिल्ट्यांवर गाड्यांचे नंबर चुकवले. माळे झाडले. मुलीला फोन करून लोणच्याची कृती सांगितली, तिने मागितली नव्हती. आणि सकाळचा सहाचा फोन चालूच. आता आई भांडायची नाही, आणि मला तेच जास्त लागायचं.

नवव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरणीचा फोन आला. कॅन्सर नाही. पेशींमध्ये थोडा बदल सुरू झालाय, तेवढाच. मिशेरीला परत हात लावायचा नाही आणि दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. मी दोनदा विचारलं, तिने दोनदा सांगितलं. मग मी गॅसवरची भाजी बंद केली आणि जमिनीवर बसून रडले, हसत हसत.

आईला लगेच फोन करायला हवा होता. पण ही बातमी फोनवर सांगायची मला इच्छा नव्हती. मला तिचं तोंड बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, न सांगता पहाटे ओट्यावर पोचले तर तिची चोरीही पकडता येईल, हाही किडा डोक्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरली. सहा वाजता बसमधूनच नेहमीसारखा फोन केला, सगळं ठीक म्हटलं, आणि ठेवून दिला.

रिक्षातून उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. ओट्यावर सात-आठ जणी, बोटं तोंडात. आई मधोमध बसलेली. दोन्ही हात मांडीवर, रिकामे. दातांवर काळा लेप नाही, म्हणजे जे आहेत त्यांच्यावर. बाजूला उघडी डबी होती, तिच्या नाकाखाली, आणि ती आरामात कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढत होती. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

तिने मला पाहिलं. आणि माझ्या लक्षात आलं की मी केवढी मोठी चूक केली. चांगली बातमी फोनवर येते. माणूस न सांगता पहाटे दारात येतो तो दुसऱ्याच कारणाने. आई उभी राहिली, खांबाला धरून. चेहरा राखेसारखा झाला. मी चपला तशाच टाकून धावले आणि लांबूनच ओरडले, "काय नाय आये, काय नाय निंगाला! कॅन्सर नाय!"

ती खाली बसली, जिथे होती तिथेच. बायकांनी बोटं तोंडातून काढली. मी तिच्याजवळ बसले तर ती माझ्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "आ कर." मी केला. तिने टाक्यांची जागा पाहिली, बराच वेळ पाहिली. मग एकदम तिचा बांध फुटला. "पैली चिमूट मी दिली व्हती तुना," ती म्हणाली. "बालंतीन पोर तू. मी दिली." मी म्हटलं, आये, दाढ दुखत होती, तुला काय ठाऊक. पण ती ऐकत नव्हती. "त्या दिसापासून रोज एकवीरा आयला सांगतंय, तिचा चट्टा मना दे. तिच्या तोंडातला काड आनि माज्या तोंडात घाल. माजा काय, सत्तर वर्सा बोलून झाला."

समाजमंदिरात त्या खुर्चीपाशी उभी राहून मी काय मागत होते ते आठवलं, आणि तिने तेच, अगदी तेच मागितलं होतं, माझ्यासाठी. मी रडले असते, पण मला राग आला. राग आला की मला बोलायला सुचतं. "असलं कुणी मागतं का?" मी म्हटलं. "आणि देवीने दिलं म्हणजे? मी कुठे जाऊ मग? आत्ताच्या आत्ता सांग तिला, नको म्हणून. मागणं परत घे."

आईने डोळे पुसले. "खरंच गो," ती म्हणाली, जरा घाबरूनच. "ऱ्हाला ना सांगायचा." आणि तिने पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, डोळे मिटले. आळीतल्या बायकांनीही काळ्या तोंडांनी हात जोडले. आई पुटपुटत होती आणि मला सगळं ऐकू येत होतं. पोरीचा बरा हाय, आये. आता मना पन नको.